मिळालेल्या नोकरीबद्दल

जिन्यात बोझेनाकाकूंनी माझं अभिनंदन केलं तेव्हा माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि अंगात पायजमा. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. सगळ्या देशानं हिवाळ्यासाठी पहाटे घड्याळं एक तास मागे नेली होती, म्हणजे बेकार माणसाला आणखी एक तास फुकट. तो कुठे घालवायचा या विवंचनेत मी होतो. बोझेनाकाकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. मी शेंबडा होतो तेव्हापासून मला ओळखतात आणि पुढे मी नाक पुसायला शिकलो यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. चर्चमधून परत येत होत्या. कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "लागली बाई एकदाची. किती बरं वाटलं म्हणून सांगू झेनेक, तुझी आई नुसती वाळून चालली होती." मी विचारलं, "काय लागली?" "नोकरी रे. आत्ता दहाच्या मिस्सेला फादरनी सगळ्यांसमोर वाचलं की. झेनोनला मिळालेल्या नोकरीबद्दल आभार, आईकडून. कुठेशी लागली?" मला कुठेही नोकरी लागलेली नव्हती. आठ महिने लागलेली नव्हती. पण पायजम्यात उभं राहून हे सगळं त्या बाईला उलगडून सांगण्याइतका मी मनानं धड नव्हतो. "बघू, कळेलच," मी म्हटलं. "दृष्ट लागू नये म्हणून सांगत नाहीस. कळतं मला," काकू म्हणाल्या, आणि एकेक पायरी मोजत वर गेल्या.

मी वर आलो तर आई स्वयंपाकघरात सफरचंदाचा केक कापत होती. चर्चचा कोट अजून अंगात, डोक्यावर ती लोकरी टोपी, आणि चेहरा असा की कुणाचं तरी लग्न जमलंय. मी विचारलं, "तू फादरला काय सांगितलंस?" ती म्हणाली, "आज अठ्ठाविसावा दिवस." एवढंच. जणू दुधाची तारीख सांगतेय. आता हे अठ्ठावीस काय ते लुब्लिन शहरातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल. पोंपेईची नोव्हेना, दिवस मोजून करायचं प्रार्थनेचं व्रत. चोपन्न दिवस चालते, रोज तीन रोझऱ्या म्हणजे तीन जपमाळा, एक दिवस चुकला की पहिल्यापासून सुरुवात. त्यातले पहिले सत्तावीस दिवस मागायचं आणि पुढचे सत्तावीस दिवस आभार मानायचे. मिळालं की नाही मिळालं, याचा त्या आभारांशी काही संबंध नाही. सत्ताविसाव्या रात्री मागणं संपतं, अठ्ठाविसाव्या सकाळी आभार सुरू. "पण मला नोकरी मिळालेली नाही," मी म्हटलं. "मला माहीत आहे," आई म्हणाली, "म्हातारी झालेय, खुळी नाही. केक घे." मी घेतला. बेकार माणूस रागावतो, पण खातो.

माझी आई लेओकादिया पाकुवा हिला मी कधी फसवाफसवी करताना पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. लबाड माणसाशी भांडता येतं. ही मात्र चर्चचं साप्ताहिक पत्रक घेऊन आली होती आणि ते तिनं अभिमानानं माझ्यासमोर ठेवलं. दर रविवारी वाटतात ते, आठवड्याच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, कुणाच्या नावानं आहेत त्याची यादी. सात जण मेलेले, एक लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आणि मध्येच मी, पूर्ण नावानं. झेनोनला मिळालेल्या नोकरीबद्दल. मी चोवीस वर्षं मुद्रितशोधक होतो. आगगाड्यांची वेळापत्रकं आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या छापणाऱ्या छापखान्यात. जगात माझ्याइतका कंटाळवाणा मजकूर कोणी वाचला नसेल. त्या नोकरीनं मला एकच गोष्ट दिली, ती म्हणजे तुच्छता. चुकीकडे तुच्छतेनं बघता आलं पाहिजे, नाहीतर ती दिसत नाही, दया आली की डोळा त्यावरून घसरतो. मी खिशातून लाल पेन्सिल काढली, 'मिळालेल्या' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं 'मिळणाऱ्या', पुढे प्रश्नचिन्ह. आईनं चष्मा लावून ते पाहिलं. मग पत्रक उचललं आणि खोडलेल्या शब्दासकट फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं, दूध काढताना रोज दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या कचेरीत गेलो. जायची गरज नव्हती, पण छापली गेलेली चूक मला तशीच सोडवत नाही, आणि ती चूक मी स्वतः असलो तर विचारायलाच नको. फादर अंब्रोझी माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. गुबगुबीत, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. नोकरी मिळालेली नाही." ते म्हणाले, "मी विचारलं होतं तुमच्या आईंना. म्हटलं, मिळाली का? तर म्हणाल्या, तुम्ही मजकूर लिहा फादर, तारखेचं मी बघते." "आणि तुम्ही लिहिलं?" "तुमच्या आईसमोर कधी नाही म्हणून पाहिलंय?" मी म्हटलं, "हे खोटं आहे." त्यांनी सँडविचकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे बघा झेनोन, दर आठवड्याला मी सात मेलेल्या माणसांची नावं वाचतो आणि ते आता सुखात आहेत म्हणून सांगतो. तेव्हा नाही आलात दुरुस्ती घेऊन." याला भरपूर उत्तरं होती, ट्रॉलीबसमध्ये परत येताना मला एकापेक्षा एक जहरी सुचली. पण त्या माणसाच्या मिशीला अंडं लागलेलं होतं, आणि मिशीला अंडं लागलेल्या माणसानं माझं तोंड बंद करावं हे मला आठवडाभर पुरलं.

बातमी पसरली. नोकरी नसल्याची बातमी आठ महिने जिन्यात कुजबुजत फिरत होती, नोकरी लागल्याची दोन दिवसांत सगळ्या इमारतीत धडधडत गेली. दुकानातली बाई अंडी देताना म्हणाली, आता काय बुवा. पहिल्या मजल्यावरच्या पेन्शनरानं हात मिळवला आणि माझा हात सोडेचना. लोकांना माझ्याबद्दल आनंद झालेला होता, आणि तो आनंद खरा होता, हे सगळ्यात असह्य. एक नोव्हेंबरला सगळे लुब्लिनकर आपापल्या मेलेल्यांना दिवे लावायला लिपोवा रस्त्यावरच्या दफनभूमीत जमतात, तसे आम्हीही गेलो. आईनं दोन कुंड्या शेवंती आणि पिशवीभर मेणबत्त्या घेतल्या. बाबांची कबर मी घासली, पानं काढली, आई काचेच्या दिव्यांतल्या वाती लावत होती. शेजारच्या कबरीवरून बोझेनाकाकू आपल्या नवऱ्याच्या दगडावर बूट टेकवून आमच्याकडे बघत होत्या. आईनं शेवटचा दिवा लावला आणि दगडाला म्हणाली, "अहो, झेनेकला नोकरी लागली." मी हळूच म्हटलं, "निदान बाबांना तरी खरं सांग." ती म्हणाली, "त्यांना सगळं दिसतं. नाही म्हणाले का ते?" बाबा जिवंतपणीही तिच्यासमोर कधी बोलले नव्हते. बोझेनाकाकूंनी डोळे पुसले. मला वाटलं, त्या क्षणी जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. जागा तर आम्ही आधीच घेऊन ठेवलेली आहे, बाबांच्या शेजारची.

आणि मग मूर्खपणाचा कळस मी स्वतः केला. ज्याला नोकरी लागलीय तो सोमवारी सकाळी अकरा वाजता पायजम्यात कचरा टाकायला उतरत नाही. तेव्हा मी सोमवारी साडेसहाला उठलो, दाढी केली, कोट चढवला, कातडी बॅगेत एक सँडविच आणि लाल पेन्सिल टाकली आणि कामावर निघालो. आई दारात उभी राहून म्हणाली, "मफलर घे." एवढंच म्हणाली. जिन्यात पेन्शनर भेटला, "चालला का कामाला?" "हो." एकावन्न वर्षांचा घोडा, खोटं खोटं कामाला. बेकारांच्या कचेरीत जायचं ते आठवड्यातून एकदा, तिथली बाई माझ्या कागदावर शिक्का मारते आणि न बघता म्हणते, अजून काही नाही. लायब्ररी उघडते दहाला. सात ते दहा माणसानं नोव्हेंबरात कुठे बसायचं? दुकानात बसू देत नाहीत, स्टेशनावर वास येतो, कॉफीच्या जागी कॉफी घ्यावी लागते. शहरात सकाळी सातला उघडी, फुकट आणि बाकाखाली हीटर असलेली जागा एकच असते. मी शेवटच्या पापनिवेदनानंतर तीस वर्षांनी चर्चमध्ये गेलो तो पाय गरम करायला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, नाहीतर आई पुढेमागे वेगळंच सांगेल.

आमचं चर्च नव्हे, शहराच्या मध्यातलं; तिथे ओळखीचं कुणी येत नाही. सातच्या मिस्सेला नऊ म्हाताऱ्या, एक पोलीस, आणि एक उंच माणूस जो फक्त खोकायला येत असावा. मी मागे डावीकडे, खांबाशेजारी बसायचो आणि सगळ्यांचा तिरस्कार करायचो. म्हाताऱ्यांचा, कारण त्या एका सुरात म्हणत नव्हत्या, प्रत्येकीला दुसरीच्या आधी संपवायचं होतं. पोलिसाचा, कारण तो पोलीस होता. स्वतःचा तर होताच, तो कायमचा. मिस्सा संपली की सगळे जायचे, मी उरायचो, आणि मग मला लहानपणीची ती रांग आठवायची. एक्क्याऐंशी साली आईला धुलाईयंत्र हवं होतं. यंत्र नव्हतं, दुकान होतं. दुकानाबाहेर यादी होती, यादीत आमचा नंबर एकशे बारा. सकाळ-संध्याकाळ हजेरी व्हायची, हजेरीला नसला की नाव खोडायचे. आईची पाळी असली की मी जायचो. यादीवाली बाई ओरडायची, पाकुवा, आणि मी म्हणायचो, हजर. सहा आठवडे म्हटलं. यंत्रं घेऊन येणारा ट्रक आलाच नाही. पण रोज संध्याकाळी हजेरी संपली की आई त्या दुकानदारणीला म्हणायची, थँक्यू हं. मी विचारायचो, कशाबद्दल? ती म्हणायची, रांग आहे ना. आपलं नाव आहे ना त्यात. म्हणजे ही खोड जुनी आहे. नोव्हेनेनं फक्त तिला वेळापत्रक दिलं. मला ते आठवलं की हसू यायचं, रिकाम्या चर्चमध्ये एकटाच हसायचो, आणि त्या हसण्यात तुच्छता होती; पण पूर्वी असायची तितकी स्वच्छ नव्हती, तिच्यात काहीतरी मिसळलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी बाकावर ठेवलेलं गाण्यांचं पुस्तक उघडलं. वाचायला नव्हे, मी छापील कागद दिसला की उघडतो, कुत्रा खांब हुंगतो तसा. आणि एकशे चाळिसाव्या पानावर, ख्रिस्तजन्माआधीच्या आठवड्यांत म्हणायच्या गाण्यात, ती चूक सापडली. 'आम्ही तुझी वाट पाहतो' असं हवं होतं. छापलं होतं, 'आम्ही तुझी वाट पाडतो', म्हणजे वाटेत गाठून लुटतो. ह च्या जागी ड. किती वर्षं लोक हे पुस्तक हातात धरून गात होते देव जाणे, आणि पाठ असल्यामुळे एकालाही दिसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. मग शेजारचं पुस्तक उघडलं. त्यातही ड. सगळ्या बाकांवर मिळून शंभराच्या वर पुस्तकं होती. मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. ड खोडायचा, समासात ह काढायचा, पुढचं पुस्तक. रोज सकाळी दहा-बारा. नियमाप्रमाणे, नीट, पेन्सिलीला टोक करून. एका म्हातारीनं मागे येऊन विचारलं, "काय हो लिहिता देवाच्या पुस्तकात?" मी म्हटलं, "चूक काढतोय." ती म्हणाली, "कुणाची?" मी तिला पान दाखवलं. तिनं ते नाकाजवळ धरलं, ओठ हलवत वाचलं. "अगबाई. सत्तावीस वर्षं गातेय मी," ती म्हणाली, आणि आपल्या पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली, जुनी, कागद चिकटलेली. मी खाल्ली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण ते घडलं. मुद्रितशोधक अर्थ वाचत नाही. अर्थ वाचला की चुका सुटतात. आम्ही अक्षरं वाचतो. चोवीस वर्षांत हजारो गाड्या माझ्या डोळ्यांखालून गेल्या आणि एकीतही मला बसावंसं वाटलं नाही. पण एकच ओळ साठ-सत्तर वेळा दुरुस्त केली की अक्षरांच्या मागून अर्थ आत शिरतो, तुम्ही कितीही दार लावा. वाट पाहतो. वाट पाहतो. वाट पाहतो. मला कळलं की आठ महिने मी वाट पाहत नव्हतोच. मी वाट पाडत होतो. प्रत्येक फोनवर दबा धरून बसलो होतो, वाजला की झडप घालायची, आणि नाही म्हणाले की त्यांना शिव्या. वाट पाहणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं; ते आईला माहीत होतं, त्या नऊ म्हाताऱ्यांना माहीत होतं, कदाचित खोकणाऱ्यालाही. हे लक्षात आल्यावर माझा त्यांच्यावरचा राग वाढलाच. पण दुसऱ्या दिवशी हीटर बिघडला होता, चर्च थंडगार, आणि तरी मी दहापर्यंत बसलो. त्याचं कारण मी स्वतःला दिलं नाही.

या सगळ्यात नऊ तारखेला मला मुलाखतीला बोलावणं आलं. आठ महिन्यांतली दुसरी मुलाखत. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो तपासायचं काम. म्हणजे माझ्यासाठीच बनवलेली नोकरी. मुलाखत घेणारी पोरगी तिशीचीही नसेल, दात इतके पांढरे की त्याकडेच बघावं. तिनं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, "छप्पनाव्या वर्षात." ती हसली नाही. मग तिनं तपासायला एक पत्रक दिलं, मुद्दाम बारा चुका घातलेलं. मला सतरा सापडल्या. पाच त्यांच्या स्वतःच्या होत्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधावरच्या. मी त्या पाचही लाल पेन्सिलीनं दुहेरी अधोरेखित केल्या आणि कागद तिच्यासमोर सरकवला. तिचा चेहरा पाहिला तेव्हाच शहाण्या माणसाला कळलं असतं. ती म्हणाली, "तेवीस तारखेपर्यंत कळवू, काहीही असलं तरी." बाहेर आलो आणि बोटांवर मोजलं. तेवीस तारीख म्हणजे चोपन्नावा दिवस. मला त्या योगायोगाची किळस आली. असले योगायोग गरीब लोकांसाठी ठेवलेले असतात, खेळण्यासारखे. पण घरी आल्यावर आईनं विचारलं, "कधी कळवणार?" आणि मी तारीख सांगितली, तेव्हा माझा आवाज जरा वर गेला. तो आशेचा आवाज होता. माझ्या गळ्यातून आला म्हणून मी ओळखला नाही, पण दुसऱ्याच्या गळ्यातून आला असता तर हसलो असतो.

नोकरी हवी होती मला. हे सरळ सांगतो, कारण तुच्छतेमागे ते लपतं. आईच्या पेन्शनवर दोघं जगत होतो, आणि मी फ्रिज उघडताना कमी उघडायला शिकलो होतो. त्याहून वाईट म्हणजे मी कुणाचाच नव्हतो. सकाळी कुणी माझी वाट पाहत नव्हतं, चुका माझ्यावाचून होत होत्या आणि छापल्याही जात होत्या. छापखान्यात म्हातारा हिपोलित म्हणून आमचा मुख्य होता, त्यानं मला हे काम शिकवलं. तो म्हणायचा, "खोडायला अक्कल लागत नाही, गाढवही खोडतं. खोडलेलं बरोबर होतं हे कळल्यावर ते परत उभं करायला लागते." त्याची खूण आहे: रेघ मारलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. टिंबं म्हणजे असू द्या, होता तसा राहू द्या, माझी चूक झाली. खिळे जुळवणारा जुळारी समजतो. चोवीस वर्षांत मी ती खूण तीनदा वापरली. हिपोलित मेला तेव्हा मी त्याच्या अंत्यविधीला गेलो नाही, कारण तो विधी चर्चमध्ये होता. अशा गोष्टी मला त्या बाकावर आठवायच्या, आणि आठवल्यावर नाहीशा व्हायच्या नाहीत.

बावीस तारखेला, त्या दिवशीच्या माळा संपतात तोच, आईचा घसा पूर्ण बसला. दफनभूमीतला खोकला तीन आठवडे अंगावर काढला होता. डॉक्टरनं सांगितलं, चार दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. मला वाटलं घरात शांतता होईल. झालं उलटं, ती चिठ्ठ्या लिहायला लागली. लिहिते भयंकर. 'सुप गरम कर' यातला सू ऱ्हस्व. मी सवयीनं लाल पेन्सिलीनं दीर्घ करून चिठ्ठी परत दिली. तिनं तिच्याच मागच्या बाजूला लिहिलं, 'गरम तर कर'. शुक्रवारी, तेवीस तारखेला, मी नेहमीसारखा साडेसहाला निघालो. चर्चमध्ये उरलेली अकरा पुस्तकं पुरी केली. शेवटचा ह काढला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मग लायब्ररीत बसलो. एक वाजता मेल आला. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली होती. आपण दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक अभार. आभार नव्हे, अभार. अ ऱ्हस्व. त्यांना माणूस हवा होता हे त्या एका शब्दातच दिसत होतं, आणि तो त्यांनी घेतला नाही. मी लायब्ररीच्या बाईकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही." आणि उठलो.

घरी येईपर्यंत दोन वाजले. आई खाटेवर उशांना टेकून बसली होती, गळ्याला लोकरी फडकं, हातात माळ, मांडीवर ती नोव्हेनेची पुस्तिका, तेलकट झालेली. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्रेपन्न चौकोनांत पेन्सिलीच्या फुल्या, चोपन्नावा मोकळा. तिनं एक चिठ्ठी पुढे केली. 'तू म्हण. मला म्हणता येत नाही.' मी म्हटलं, "मनातल्या मनात म्हण की. देवाला ऐकू येतं ना?" तिनं नाही म्हणून मान हलवली. तिचं म्हणणं, तोंडानं म्हटलं पाहिजे. मनातल्या मनात तर माणूस काहीही म्हणतो. आज चुकलं तर चोपन्न दिवस पाण्यात. मी तिला मेलबद्दल सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. पण ती माळ धरून बसली होती, फडक्यातून फक्त तिचे डोळे आणि नाक दिसत होतं, आणि मला वाटलं, आधी हे उरकू, मग सांगू. बातमी थंड झाल्यानं बिघडत नाही. मी खुर्ची ओढली. ती मणी सरकवायची, मी म्हणायचो. पहिली माळ मी गाड्यांच्या यादीसारखी वाचली, सपाट. शब्द सगळे येत होते, हे मला अनपेक्षित होतं. तीस वर्षं न वापरलेले, गंजही नाही. दुसऱ्या माळेत मी चुकलो, दहा मण्यांच्या जागी अकरा म्हटले, तर तिनं माझ्या मनगटावर मण्यानं टकटक केलं. मला हसू आलं. तिसऱ्या माळेला खिडकीत अंधारून आलं होतं, चार वाजायला आले असतील, आणि माझा आवाज त्या खोलीत दुसऱ्या कुणाचातरी असल्यासारखा चालला होता.

मग शेवटची प्रार्थना आली, आभारांची. ती मला पाठ नव्हती, पुस्तिकेतून वाचायची होती. तिथे रिकामी जागा सोडलेली असते, ज्याची त्यानं आपली मागणी घालायची. आईनं त्या जागी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, तिच्या त्या भयंकर अक्षरात: 'झेनेकला मिळालेल्या नोकरीबद्दल'. मी थांबलो. मला सगळं माहीत होतं, एक वाजल्यापासून माहीत होतं. एक शब्द बदलला की वाक्य खरं झालं असतं. मिळणाऱ्या. किंवा न मिळालेल्या. मी तर त्याच कामाचा माणूस. आणि आत माझा तो जुना आवाज, सगळ्यांवर थुंकणारा, तयारच बसला होता. मी वाचलं, "झेनेकला मिळालेल्या नोकरीबद्दल तुझे आभार मानतो." छापल्यासारखं, होतं तसं. आणि म्हणताना मला जाणवलं की आठ महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाकडे काही मागत नव्हतो. शिक्का मारणाऱ्या बाईकडे नाही, पांढऱ्या दातांकडे नाही, देवाकडेही नाही. हात रिकामे होते आणि ते रिकामे आहेत याची भीती वाटत नव्हती. मला बरं वाटलं. यापलीकडे त्याला शब्द नाही, आणि असला तरी मी वापरणार नाही.

आईनं माळेला ओठ लावले. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून लिहिलं, 'नाही म्हणाले ना?' मी विचारलं, "तुला कधी कळलं?" तिनं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी बूट घालून आत आलो होतो. एकावन्न वर्षांत या घरात मी दारात बूट काढल्याशिवाय आलो नव्हतो; गालिच्यावर दोन तासांचा चिखल वाळून पडला होता. म्हणजे दोन वाजल्यापासून तिला माहीत होतं. माहीत असून तिनं चिठ्ठी पुढे केली होती, माहीत असून ती मणी सरकवत होती. "आणि तरी मला म्हणायला लावलंस?" मी विचारलं. तिनं लिहिलं, 'तरी तू म्हणालासच.' मी म्हटलं, "लिहिलं होतं ते वाचलं." ती हसली, आवाज नसलेलं, खांदे हलवून. मग चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले.

मी बूट काढले, गालिचा झाडला, कॅलेंडरावर चोपन्नावी फुली मारली. सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवर ते पत्रक होतं, चार आठवड्यांत कोपरे वळलेले, मधोमध माझी लाल रेघ. मी खिशातून पेन्सिल काढली, तिला टोक उरलं नव्हतं, चाकूनं केलं. मग खोडलेल्या शब्दाखाली एकेक टिंब दिलं, म्हाताऱ्या हिपोलितनं शिकवलं होतं तसं, सारख्या अंतरावर, आणि समासातला 'मिळणाऱ्या' खोडून टाकला. सोमवारी बेकारांच्या कचेरीत शिक्का मारून घ्यायचा होता. तिथे नाव पुकारतात. सूप उकळायला लागलं होतं, मी गॅस बारीक केला.